म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी आणि घरातला औषधांचा डबा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाळीव कुत्र्यांविषयीचा मजकूर वृत्तपत्रांतून अलीकडे पुष्कळ येऊ लागला आहे आणि माझ्यासारख्या श्वानपालकाला त्याचा आनंदच वाटतो. मात्र पिल्लाची निवड, लसीकरण आणि शिकवणी यांना जितकी जागा मिळते, तिच्या पावपटही म्हाताऱ्या कुत्र्याच्या दुखण्याला मिळत नाही. कुत्रा लंगडू लागला, जिन्यापाशी थबकू लागला, की ‘वय झाले’ एवढे म्हणून विषय मिटतो, आणि ज्यांच्याने ते बघवत नाही ते घरातला औषधांचा डबा उघडतात. मी या दोन्ही चुका एकापाठोपाठ केल्या आहेत. त्या सांगाव्यात आणि त्यातून सुचलेली एक साधी मागणी पशुवैद्य व औषधविक्रेते यांच्यासमोर ठेवावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमचा बंड्या तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याचे वजन 34 किलो होते. त्या हिवाळ्यात सकाळी उठताना त्याची तारांबळ होऊ लागली. पुढचे दोन पाय रोवून तो छाती उचलायचा, मागचे पाय गुळगुळीत फरशीवर दोन्हीकडे फाकायचे, तो पुन्हा बसायचा आणि जणू बसायचेच होते अशा थाटात आमच्याकडे बघायचा. आईच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या नेप्रोक्सेनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या घरात होत्या. माणसाला अख्खी, तर कुत्र्याला अर्धी, असा हिशेब मी मनाशी केला आणि लागोपाठ तीन संध्याकाळी त्याला अर्धी अर्धी गोळी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच बरा चालला, आणि त्यामुळेच तिसरी अर्धी गोळी देताना माझा हात जराही कचरला नाही. चौथ्या दिवशी त्याने खाण्याकडे पाठ फिरवली. दुपारी त्याला उलटी झाली आणि तिच्यात कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण दिसले. संध्याकाळी त्याची शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली. ते रक्तच होते, जठरातून झिरपून पचनमार्गात काळे पडलेले, हे मला पशुवैद्यांनी सांगितल्यावर कळले. शिरेतून सलाइन, जठराच्या संरक्षणाची औषधे आणि रोजची रक्ततपासणी यांवर आठ दिवस काढल्यानंतर तो वाचला. पशुवैद्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, त्यांनी फक्त विचारले, “गोळीचे पाकीट आणले आहे का?” असा प्रसंग कुणावर आलाच तर दवाखान्यात जाताना ते पाकीट नक्की सोबत न्यावे, कारण औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम कळले की उपचाराचा बराच वेळ वाचतो.

माझा हिशेब कुठे चुकला, हे नंतर समजून घेतले तेव्हा ध्यानात आले की चूक अर्ध्या-पाऊण गोळीची नव्हतीच. माणसाच्या शरीरात नेप्रोक्सेनचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 12 ते 17 तास लागतात. कुत्र्याच्या शरीरात त्यालाच सुमारे 74 तास, म्हणजे तीन दिवस लागतात, कारण यकृताने पित्तावाटे आतड्यात सोडलेले औषध पुन्हा शोषले जाऊन रक्तात परतते. मी दुसरी मात्रा दिली तेव्हा पहिली जवळजवळ सगळीच आत होती, आणि तिसरी दिली तेव्हा दोन्ही. मी अर्धी अर्धी म्हणून देत होतो, पण ती आत साठत चालली होती. याखेरीज या प्रकारच्या सगळ्याच औषधांच्या मुळाशी एक पेच आहे. 1971 मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत आणि म्हणून वेदना व सूज उतरते. या शोधकार्यासाठी त्यांना 1982 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण तीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. वेदना थांबवणारा हात जठराचे छप्परही काढून नेतो, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच कुत्र्यासाठी कोणते औषध, किती आणि किती दिवस, हा प्रश्न अंदाजाने सोडवण्याचा नाही.

आयबुप्रोफेनने हाच धोका संभवतो, आणि मात्रा मोठी असेल तर मूत्रपिंडे निकामी होतात. दहा किलोच्या कुत्र्याने 400 मिलिग्रॅमची एक गोळी गिळली तर त्याच्या पोटात किलोमागे 40 मिलिग्रॅम औषध जाते, एवढा हिशेब केला तरी घरातली ‘साधी’ गोळी त्याच्यासाठी साधी राहत नाही. पॅरासिटामॉल पशुवैद्य काही वेळा कुत्र्याला देतात, पण ते वजन, यकृताची अवस्था आणि सोबतची औषधे पाहून. जास्त झाल्यास ते यकृताला इजा करते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. मांजराला तर ते कोणत्याही प्रमाणात देऊ नये. ज्या घरात दोन्ही प्राणी आहेत तेथे ही गोष्ट सर्वांना ठाऊक असावी. ॲस्पिरिन घरी देऊन मग दवाखान्यात जाणाऱ्यांची संख्याही कमी नसावी. त्यात आणखी एक अडचण अशी की पोटात ॲस्पिरिन असताना पशुवैद्याला योग्य ते औषध लगेच सुरू करता येत नाही आणि काही दिवस थांबावे लागते, म्हणजे मदत म्हणून दिलेली गोळी खऱ्या मदतीची वाट अडवते. चोळण्याच्या मलमांबद्दलही गैरसमज आहे. कातडीवर लावलेले डायक्लोफेनॅकचे जेल कुत्रा चाटून पोटात घेतो, आणि मालकाने स्वतःच्या हातापायांना लावलेले मलमही तो चाटू शकतो. 2015 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लर्बीप्रोफेन असलेल्या मलमांबाबत इशारा दिला, तो मालकांनी स्वतःच्या दुखण्यासाठी लावलेल्या मलमामुळे मांजरे आजारी पडून दगावली म्हणून. आई आता मलम लावल्यावर हात धुते आणि ते मुरेपर्यंत बंड्याला जवळ येऊ देत नाही.

हा झाला उपायाचा भाग; पण माझी पहिली चूक त्याही आधीची होती. दुखते आहे हे मला दोन वर्षे उशिरा कळले. कुत्रा दुखण्याने ओरडतो अशी आपली समजूत असते. सांध्यांच्या जुनाट दुखण्यात तो बहुधा ओरडत नाही, तो केवळ एकेक गोष्ट करणे सोडून देतो. आधी गाडीत उडी मारणे सुटते, मग पलंगावर चढणे, मग दारावरची घंटा वाजली की धावत जाणे. फिरायला तो उत्साहाने निघतो, पण परतताना मागे रेंगाळतो. विश्रांतीनंतरची पहिली दहा पावले ताठर पडतात आणि मग चाल मोकळी होते, त्यामुळे ‘चालला की बरा होतो’ असे वाटून आपण निर्धास्त राहतो. शौचाला बसताना तो दोनतीनदा जागा बदलतो, कारण मागच्या पायांवर भार तोलून धरणे त्याला जड जाते. कमरेला हात लावला की मान वळवून पाहतो, एरवी मुलांत मिसळणारा असूनही बाजूला जाऊन बसतो, क्वचित गुरगुरतो, आणि त्याचा स्वभाव बिघडला असे आपण ठरवून टाकतो. बंड्याच्या डाव्या पुढच्या पायाच्या मनगटावरचे पांढरे केस लालसर तपकिरी झाले होते. मी ते साबणाने दोनदा धुतले. तो रात्रभर तोच सांधा चाटत होता आणि केसांचा रंग लाळेमुळे बदलला होता, हे मला सुचले नाही. पशुवैद्यांनी मांडीभोवती टेप फिरवून दाखवले तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा स्पष्टपणे बारीक भरली. ज्या पायावर भार टाकणे तो टाळत होता, त्याचे स्नायू आटत चालले होते.

प्रत्यक्षात सांध्यात काय घडते, तेही थोडक्यात सांगतो. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्यातला वंगणासारखा द्रव पातळ होतो, आवरणाला सूज येते आणि कडांना हाडाचे अंकुर फुटतात. कूर्चेला स्वतःची वेदना नसते, कारण तिच्यात मज्जातंतूच नसतात. दुखते ते तिच्याखालचे हाड आणि सांध्याचे आवरण. एकदा झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, म्हणून आजार बरा करण्याचे वचन देणाऱ्या कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. वेदना मात्र पुष्कळ कमी करता येते, आणि ती ‘वय’ नावाच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याचे काहीच कारण नाही. कुत्र्याच्या बाबतीत हा आजार अनेकदा म्हातारपणी सुरूही होत नाही. खुब्याचा किंवा कोपराचा सांधा वाढीच्या वयात नीट न बसल्याने, किंवा गुडघ्यातला अस्थिबंध तुटल्याने तो तरुणपणीच मूळ धरतो आणि म्हातारपणी केवळ दिसू लागतो.

प्रत्येक लंगडणे म्हणजे सांधेदुखी नव्हे, याचीही जाणीव ठेवावी. मोठ्या चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा एकच पाय अचानक दुखू लागला आणि हाडावर सूज आली तर तो हाडाचा कर्करोग असू शकतो. ताप, मरगळ आणि आज हा पाय तर उद्या तो, असे असेल तर गोचिडांवाटे होणाऱ्या आजाराची शंका घ्यावी लागते. पाय घासत चालणे, पंजा उलटा पडणे आणि तरीही वेदना न जाणवणे, ही मज्जारज्जूच्या बिघाडाची चिन्हे आहेत. या तिन्ही ठिकाणी सांध्याचे औषध देत बसणे म्हणजे मौल्यवान वेळ दवडणे होय. म्हणून क्ष-किरण तपासणी आणि हाताने केलेली सांध्यांची तपासणी यांना पर्याय नाही. एक सूचना अनुभवाने करतो. दवाखान्यात कुत्रा भीतीपोटी ताठ आणि चपळ होतो, आणि घरी लंगडणारा तेथे ठणठणीत चालून दाखवतो. त्यामुळे सकाळी उठतानाची, जिना चढतानाची आणि फिरून परततानाची अर्ध्या अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मोबाइलवर घेऊन जावी. आमच्या पशुवैद्यांनी बंड्याला तपासण्याआधी ती तीनदा पाहिली.

आता खऱ्या औषधांविषयी. कुत्र्यांसाठी म्हणून तपासलेली आणि मान्यता मिळालेली दाहशामके, म्हणजे सूज आणि वेदना उतरवणारी औषधे, उपलब्ध आहेत. कार्प्रोफेनला अमेरिकेत ही मान्यता 1996 मध्ये मिळाली, आणि मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब यांसारखी औषधेही सर्रास वापरली जातात. ग्रॅपिप्रांट हे 2016 मध्ये मान्यता मिळालेले औषध थोड्या वेगळ्या वाटेने काम करते; ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणे थांबवत नाही, तर तिच्याकडून वेदनेचा संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या एका जागेला, म्हणजे ग्राहीला, अडवते. यांतले मेलॉक्सिकॅम माणसांसाठीही मिळते आणि तेथेच खरा सापळा आहे. कुत्र्याची रोजची नेहमीची मात्रा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला 1 मिलिग्रॅम असते, तर माणसाची सर्वांत लहान नेहमीची गोळी 7.5 मिलिग्रॅमची असते. औषधाचे नाव तेच आहे, पण एका गोळीत आठवड्याहून अधिक दिवसांचे औषध आहे. हे आकडे कुणी घरी मोजमाप करावे म्हणून मी देत नाही, तर ‘नाव तेच आहे, मग काय बिघडते’ या युक्तिवादाला उत्तर म्हणून देतो. कुत्र्यांसाठीच्या पातळ औषधासोबत येणाऱ्या सिरिंजवर पुष्कळदा किलोच्याच खुणा असतात, त्यामुळे चूक होण्याचा संभव कमी राहतो.

ही औषधे सुरू करण्यापूर्वी यकृत आणि मूत्रपिंड यांची रक्ततपासणी करून घ्यावी, दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा करावी आणि औषध चालू राहणार असेल तर साधारण दर सहा महिन्यांनी करत राहावी. हा खर्च टाळण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पण म्हाताऱ्या कुत्र्याचे मूत्रपिंड बाहेरून काही न दाखवता निम्म्याहून अधिक थकलेले असू शकते आणि ते तपासणीशिवाय कळत नाही. औषध खाण्यासोबत द्यावे आणि पाणी सदैव समोर असावे. कुत्र्याला उलट्या-जुलाब होत असतील किंवा तो पाणी पीत नसेल, त्या दिवशी गोळी देऊ नये आणि डॉक्टरांना फोन करावा. दोन दाहशामके एकत्र, किंवा दाहशामक आणि स्टेरॉइड एकत्र, कधीही देऊ नये. त्वचेच्या खाजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलेले असते आणि सांध्यांसाठी तिसऱ्यांनी गोळी, असा गोंधळ प्रत्यक्षात फार होतो, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवावी. शेवटचे म्हणजे, यांतल्या अनेक गोळ्या चविष्ट बनवलेल्या असतात. कुत्र्याला त्या खाऊ वाटतात आणि डबी हाती लागली तर तो सगळ्याच फस्त करतो, त्यामुळे त्या उंचावर, बंद कपाटात असाव्यात.

दाहशामक चालत नसेल किंवा पुरे पडत नसेल तर इतर वाटाही आहेत. गॅबापेंटिन आणि अमँटाडीन जोडीला दिली जातात. गॅबापेंटिनने सुस्ती येते आणि चाल डगमगते, त्यामुळे मात्रा हळूहळू वाढवावी लागते. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल ही कृत्रिम साखर असू शकते, आणि कुत्र्याला ती विषारी आहे. ट्रॅमाडॉलवर एके काळी फार भिस्त होती, पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेदुखीच्या कुत्र्यांना त्याचा औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक उपयोग दिसला नाही. अलीकडचे औषध म्हणजे महिन्यातून एकदा टोचले जाणारे बेडिनव्हेटमॅब. ते वेदना वाढवणाऱ्या ‘मज्जातंतू-वाढ घटक’ या शरीरातल्या प्रथिनाला निष्प्रभ करते. युरोपात त्याला 2020 मध्ये आणि अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली. ज्यांचे मूत्रपिंड किंवा जठर दाहशामक पेलत नाही अशा कुत्र्यांना ते मोठा आधार ठरले आहे. तरीही डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र पाठवून तोल जाणे, झटके येणे अशा नोंदवल्या गेलेल्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. नवे म्हणून डोळे झाकून स्वीकारणे जितके अयोग्य, तितकेच त्या पत्राचा एक परिच्छेद वाचून ते धुडकावणेही अयोग्य, असे मला वाटते.

बंड्याला औषधाइतकाच उपयोग झाला तो वजन उतरल्याचा, आणि हे मान्य करणे मला औषधाची चूक कबूल करण्याहून जड गेले, कारण त्याला लाडाने भरवणारा मीच होतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ आणि सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्यांचे वजन 6 टक्क्यांच्या आसपास उतरताच लंगडणे लक्षणीयरीत्या कमी झालेले आढळले. 34 किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत ते दोन किलो होतात. याहून जुना आणि अधिक बोलका प्रयोग 24 लॅब्रॅडॉर जोड्यांवर झाला. प्रत्येक जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांपैकी निम्मे 13 वर्षांहून अधिक जगले, तर दुसऱ्यांपैकी निम्मे 11.2 वर्षांहून अधिक, आणि निम्म्या कुत्र्यांना सांधेदुखीचे दीर्घ उपचार लागण्याचे वय तीन वर्षांनी पुढे गेले. वजन योग्य आहे की नाही हे हातानेच कळते. कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटे फिरवावीत. आपल्या पसरलेल्या हाताच्या पाठीवर हाडे जशी लागतात तशा त्या लागल्या तर ठीक, तळव्यासारखे मऊ लागले तर वजन जास्त, आणि मुठीच्या टोकदार हाडांसारखे लागले तर कमी. वजन आठवड्याला एक ते दोन टक्के या गतीने उतरावे, त्याहून घाईने नाही. आम्ही वाडग्याने मोजणे सोडून वजनकाटा आणला आणि घरातले किती जण किती वेळा त्याला काहीबाही चारतात याची नोंद आठवडाभर ठेवली. ती नोंद वाचून घरात दोन दिवस कुणी कुणाशी फारसे बोलले नाही.

त्यानंतर फरशी. मागच्या पायांचे बळ कमी झालेल्या कुत्र्यासाठी गुळगुळीत फरशी म्हणजे बर्फ. त्याच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत न घसरणाऱ्या सतरंजीची एक वाट आम्ही केली. आठवड्याच्या आत तो त्याच वाटेने चालू लागला, जणू रूळच टाकले आहेत. नखे कापलेली असावीत, कारण लांब नखांनी पंजाची ठेवण बदलते आणि भार चुकीच्या जागी पडतो. पंजातल्या गाद्यांमधले केसही कापावेत, नाहीतर पाय घसरतो. अंथरूण जाड, दाबल्यावर पुन्हा उभारी घेणारे आणि थेट वाऱ्याच्या झोतात नसलेले असावे. गाडीत चढण्यासाठी फळीचा उतार करावा आणि तिच्यावर खरखरीत कापड लावावे. आठवडाभर निपचित ठेवून रविवारी दोन तास पळवणे हा सर्वांत वाईट बेत होय. त्यापेक्षा रोज तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे, सपाट आणि मऊ जमिनीवर, एकाच गतीने चालवावे. चेंडूमागे धावताना तो वळतो आणि झटक्याने थांबतो, तेव्हा सांध्यावर फार ताण येतो, म्हणून चेंडू फेकणे बंद करून आम्ही वास शोधण्याचा खेळ सुरू केला. फिरण्याआधी खुब्यावर दहा मिनिटे कोमट कापडाचा शेक द्यावा, पण तो आधी स्वतःच्या मनगटावर तपासून घ्यावा; आणि सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर शेकू नये. पाण्यातले चालणे, भौतिकोपचार यांची सोय जिथे असेल तिथे ते प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे.

पूरक पदार्थांविषयी लोक सर्वाधिक विचारतात, म्हणून एवढेच सांगतो. माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 मेदाम्लांना बऱ्यापैकी पुरावा आहे, पण परिणामाला काही आठवडे लागतात आणि जास्त झाल्यास जुलाब होतात. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांचा पुरावा डळमळीत आहे. हळदीतला कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषला जातो. यांतले काही द्यायचे असेल तर पशुवैद्यांना सांगून द्यावे, आणि वेदनाशामकाऐवजी देऊ नये.

आता मागणीकडे येतो. माझ्या हातून जी चूक झाली तिच्या मुळाशी निष्काळजीपणा नव्हता. वेदना बघवत नव्हती आणि माहिती नव्हती. नंतर योग्य औषध मिळाले तेव्हाही त्याची पट्टी कात्रीने कापून एका कोऱ्या कागदी पाकिटात हाती आली आणि पाकिटावर ‘1–0–0’ एवढेच लिहिलेले होते. काय दिसले तर थांबायचे, हे मला तोंडी सांगितले गेले असेलही; पण त्या घाबरलेल्या अवस्थेत त्यातले निम्मे मी ऐकले नाही. अमेरिकेत कुत्र्यांच्या दाहशामकांसोबत मालकासाठी साध्या भाषेतले माहितीपत्रक दिले जाते. तेवढे मोठे पत्रक नको. पशुवैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी अशा प्रत्येक गोळीसोबत तळहाताएवढी, घरच्या भाषेत छापलेली एक चिठ्ठी द्यावी, आणि तिच्यावर पुढील मजकूर असावा: खाणे सुटणे, उलटी, जुलाब, काळी शी, डोळे वा हिरड्या पिवळ्या पडणे, एकाएकी फार पाणी पिणे किंवा लघवीचे प्रमाण बदलणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढची गोळी देऊ नये आणि लगेच फोन करावा, माणसाचे कोणतेही वेदनाशामक सोबत देऊ नये, कुत्र्याचे वजन व पुढच्या रक्ततपासणीची तारीख. शेवटच्या दोन जागा पेनाने भरायला अर्धे मिनिट लागेल. आपल्या वृत्तपत्रानेही असा मजकूर एकदा चौकटीत छापला तर वाचकांना तो कापून औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवता येईल. आमच्या डब्यावर मी तो हातानेच लिहून चिकटवला आहे, आणि त्याखाली आईने वेगळ्या शाईने ‘बंड्याची गोळी सकाळी दिली’ असे लिहून तारखांचे रकाने आखले आहेत, कारण मध्यंतरी आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता त्याला एकाच दिवशी दोनदा गोळी देण्याचा प्रसंग थोडक्यात टळला होता.

कळावे,
आपला विश्वासू,
एक श्वानपालक